रिचलंड काउंटीतले चाळीस एकर: हरणांसाठी चारा आधी की आडोसा आधी?

डोंगरवाट (मॅडिसन, विस्कॉन्सिन)

नमस्कार मंडळी,

मॅडिसनपासून सव्वा-दीड तासावर, रिचलंड काउंटीत आम्ही दोन कुटुंबांनी मिळून चाळीस एकर रान घेतलं आहे. उद्देश दोन. वर्षाला दोन-तीन हरणं मिळावीत म्हणजे दोन्ही घरांची मांसाची सोय होईल, आणि रान आज आहे त्यापेक्षा चांगल्या अवस्थेत मुलांच्या हाती जावं. भिंतीवर मोठ्या शिंगांची मुंडी हवी असा आमच्यात कुणाचाच आग्रह नाही. इथे मिशिगन, आयोवा, मिनेसोटात जमीन राखणारी मंडळी आहेत, म्हणून सगळं सविस्तर मांडतो.

हा भाग ड्रिफ्टलेस प्रदेशात येतो. हिमयुगात आजूबाजूचा मुलूख बर्फाने घासून सपाट केला, हा तेवढा सुटला. त्यामुळे इथे कडे, घळी आणि अरुंद खोरी आहेत. आमच्या जागेत डोंगराची धार पूर्व-पश्चिम जाते. धारेवर तीनेक एकरांचं जुनं गवताचं शेत आहे. उत्तर उतारावर शुगर मेपल आणि बासवुड, दक्षिण उतारावर ओक. पूर्वेच्या हद्दीलगत एक खोल घळ आहे, पाऊस झाला की वाहते. सडक उत्तरेला, आणि तिथून वायव्य कोपऱ्यातून ट्रॅक्टरची जुनी वाट धारेवर चढते. दक्षिणेच्या खोऱ्यात शेजाऱ्याचा मका आणि सोयाबीन, आलटून पालटून.

अडचण अशी की रान वरून भरगच्च आणि खालून रिकामं आहे. मोठ्या झाडांची सावली इतकी दाट की जमिनीवर पाचोळ्याशिवाय काही नाही. पानगळ झाली की दीडशे यार्डांवरचं झाडाचं खोड स्पष्ट दिसतं. कॅमेऱ्यात हरणं येतात ती रात्रीची. दिवसा ती इथे थांबत नाहीत, शेजाऱ्याच्या काटेरी झाडोऱ्यात बसतात आणि अंधार पडल्यावर आमच्या धारेवरून मक्याकडे उतरतात.

मित्राचं म्हणणं, सगळ्या तीन एकरांत क्लोव्हर (तीन पानांचा, द्विदल कुळातला चारा) आणि सलगम पेरू, हरणं आपोआप येतील. माझं मत वेगळं आहे. खाली खोऱ्यात शेकडो एकर मका असताना आमच्या तीन एकरांचं हरणाला काय अप्रूप? चारा इथे मुबलक आहे. टंचाई आहे ती आडोशाची आणि शांततेची. दिवसा निर्धास्त बसून रवंथ करता येईल अशी जागा ज्याच्याकडे, हरीण त्याचं. म्हणून आधी बसायच्या जागा तयार कराव्यात आणि चारा त्या हिशेबाने, थोडाच पेरावा, असं मला वाटतं.

प्रश्न तीन. आडोसा नेमका कुठे करावा? झाडं अर्धी कापून आडवी पाडण्याची जी पद्धत सगळे सांगतात ती या रानाला मानवेल का? आणि चाऱ्याला किती जागा द्यावी, त्यात काय पेरावं?

---

कुळवाडी_आयोवा

डोंगरवाट, मांडणी आवडली. आडोशाबद्दल जाणकार सांगतीलच, मी मातीपुरतं बोलतो.

पेरायचं काय हे ठरवण्याआधी माती परीक्षण करून घ्या. शेतात नागमोडी फिरत दहा-पंधरा ठिकाणची सहा इंच खोलीपर्यंतची माती घ्या, बादलीत एकत्र करा, त्यातली ओंजळभर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवा. वर्षानुवर्षं गवत कापून नेलेल्या धारेवरच्या जमिनी बहुतेक आम्लधर्मी निघतात. क्लोव्हरला सामू (पीएच) साडेसहाच्या आसपास हवा. साडेपाचला पेरलं तर उगवेल, पण पिवळं पडेल आणि दुसऱ्या वर्षी तण त्याला गिळून टाकेल. चुना टाकल्याटाकल्या काम करत नाही, मातीत मिसळून सहा महिने ते वर्षभर द्यावं लागतं. बियाण्यावर पैसे घालण्याआधी चुन्यावर घाला.

क्लोव्हरच्या बियाण्याला रायझोबियम लावायला विसरू नका. आपल्याकडे हरभरा-सोयाबीनला चोळतो तेच काम, फक्त क्लोव्हरचा जिवाणू वेगळा असतो, पाकिटावर बघून घ्या. काही बियाणं आधीच लेप देऊन येतं.

आणि खोली. क्लोव्हर असो की सलगम, बी मोहरीच्या दाण्याहून मोठं नसतं. पाव इंचाच्या खाली गेलं की संपलं. रोटाव्हेटर मारून जमीन भुसभुशीत ठेवाल आणि वर बी फेकाल तर पहिल्याच पावसात ते खोल गडप होईल. आधी रोलर फिरवा, मग विस्कटून पेरा, मग पुन्हा रोलर. शेतात चालताना बुटाचा ठसा पाव-अर्धा इंच रुतला पाहिजे, त्याहून जास्त नको. वाफसा असताना हे जमतं, ओल्यात रोलर घातला तर माती सगळी चिकटून वर येते.

---

बाणाई (मिशिगन)

दादा, तुमचा मूळ विचार बरोबर आहे. मी धनुष्यबाणाने शिकार करते, म्हणजे हरीण वीस-पंचवीस यार्डांत आलं तरच काम होतं. त्यामुळे ते कुठे बसतं आणि तिथून कसं उठतं याचाच अभ्यास जास्त झाला.

डोंगराळ भागात हरीण उताराच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, वाऱ्याच्या पाठीमागच्या अंगाला बसतं. पाठीमागून धारेवरून वारा येतो, तो मागचा वास देतो. समोर खालचा उतार डोळ्यांना दिसतो. शिवाय ऊन चढलं की खोऱ्यातली हवा तापून वर येते, ती खालचा वास नाकापर्यंत आणते. एका जागी बसून तिन्ही बाजूंचा पहारा होतो. शरद ऋतूत तुमच्याकडे वायव्येचा वारा जास्त, म्हणजे बसायची जागा आग्नेय-दक्षिण उतारावर, धारेच्या जरा खाली. तिथे तुमचे ओक आहेत आणि हिवाळ्यात ऊनही तिथेच पडतं. यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही.

आता अडचणीचं सांगते. तुमची ट्रॅक्टरची वाट वायव्य कोपऱ्यातून चढते. वायव्येचा वारा असताना त्या वाटेने चढलात तर तुमचा वास धारेवरून सरळ दक्षिण उतारावर जाईल. तुम्ही मचाणावर बसायच्या आधीच सगळी हरणं उठून शेजाऱ्याकडे गेलेली असतील, आणि तुम्हाला कळणारही नाही. कितीही छान आडोसा करा, ती वाट वापरत राहिलात तर उपयोग नाही.

पूर्वेच्या घळीचा विचार करा. सडकेवरून पूर्व हद्दीच्या कडेकडेने, घळीतून वर चढायचं. वायव्येचा वारा तुमचा वास आग्नेयेला, तुमच्या जागेबाहेर नेईल. मग बसायच्या जागा मध्यापासून पश्चिमेकडे करा, चारा धारेच्या पूर्व टोकाला ठेवा. हरणं पश्चिमेकडून उठून धारेने पूर्वेला चरायला येतील आणि तुम्ही त्यांच्या वाऱ्यात कुठेच नसाल.

संध्याकाळी हवा थंड झाली की ती उताराने खाली वाहते, हे मचाण बांधताना लक्षात असू द्या. चाऱ्याच्या शेतात हरणं उभी असताना खाली उतरून परत कसं जायचं याची सोय आधी बघा, मग मचाणाचं झाड निवडा.

---

डोंगरवाट

बाणाई, घळीची कल्पना फार मोलाची आहे. नकाशावर वायव्येचा बाण काढून बघितला, तुम्ही म्हणता तसंच होतं. नैर्ऋत्येचा वारा असेल त्या दिवशी मात्र पूर्वेचं मचाण आणखी सुरक्षित, कारण वास ईशान्येला, घळीपलीकडे जातो. पूर्वेचा वारा असेल तेव्हा जायचंच नाही असा नियम करू.

कुळवाडी, परीक्षण झालं आहे. सामू 5.6 आला. चुना या उन्हाळ्यात टाकतो.

---

शाल्मली (पुणे)

धागा वाचते आहे, माहिती खूप आहे, पण एक गोष्ट मनाला पटत नाही म्हणून लिहिते. निवारा द्यायचा, चारा द्यायचा, विश्वास बसू द्यायचा आणि मग त्याच जागी मारायचं. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली म्हणून काळवीट आणि चितळ आज दिसतात. तिकडे गेल्यावर आपण हे कसं स्वीकारतो? भांडायचं म्हणून विचारत नाही.

---

डोंगरवाट

शाल्मलीताई, हा प्रश्न आमच्या घरातही झाला, जमीन घेण्याआधी. मला जे उत्तर मिळालं ते सांगतो.

नैर्ऋत्य विस्कॉन्सिनात हरणं फार आहेत. कूगर (इथला मोठा मांजरकुळातला शिकारी प्राणी) इथून केव्हाच नाहीसा झाला, लांडगे आहेत ते मुख्यतः राज्याच्या उत्तरेच्या आणि मधल्या जंगलात. मका-सोयाबीन मात्र वाढत गेलं. परिणाम रानात उतरून बघावा लागतो. आमच्या दक्षिण उतारावर शंभर वर्षांचे ओक आहेत आणि त्यांच्याखाली गुडघ्याएवढा एकही ओक नाही. रोपं उगवतात, वीतभर होतात, हिवाळ्यात शेंडा खुडला जातो. कुरतडलेला शेंडा हातात घेतला की ससा की हरीण ते लगेच कळतं: सशाने कापलेलं टोक चाकूने छाटल्यासारखं तिरपं असतं, हरणाला वरचे पुढचे दात नसल्यामुळे ते ओढून तोडतं आणि टोकाला चिंध्या राहतात. आमच्याकडे सगळीकडे चिंध्याच आहेत. हे ओक पडले की पुढचं रान ओकाचं नसेल.

याच राज्यात वन्यजीव अभ्यासक आल्डो लिओपोल्ड होते. 1935 साली त्यांनी सॉक काउंटीत एक झिजलेलं, वाळूचं शेत घेतलं आणि कुटुंबाने मिळून तिथे हजारो पाइन लावले. 1943 मध्ये माद्यांची शिकारही खुली करावी, नाहीतर हरणं रान खाऊन संपवतील आणि मग स्वतः उपाशी मरतील, ही बाजू त्यांनी लावून धरली. लोक त्यांच्यावर प्रचंड चिडले. शिकार करणारेच चिडले. माझ्या मते ते बरोबर होते.

म्हणून आम्ही ठरवलं आहे की मादी आधी. नर दिसला म्हणून मादी सोडायची नाही. संख्या नर मारून कमी होत नाही.

भारतातला कायदा भारतात योग्यच आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिथे रान कमी उरलं आहे आणि बिबट्या-वाघ आपलं काम करतात. इथे ते काम करणारं फारसं कुणी नाही. विश्वास बसू द्यायचा आणि मारायचं, हा तुमचा मुद्दा राहतोच. तो मी खोडत नाही. म्हणूनच बसायच्या जागेत बंदूक न्यायची नाही असा दोन्ही कुटुंबांचा निर्णय आहे. तो पश्चिमेचा भाग वर्षभर बंद.

---

शाल्मली (पुणे)

सविस्तर लिहिलंत, आभार. माझं मत पूर्ण बदललं असं नाही, पण ओकाच्या रोपांचं वाचून विचारात पडले.

---

रानवाटा_चंद्रपूर

डोंगरवाट, आमच्याकडे शिकार नाही, पण तृणभक्ष्यांसाठी कुरण करण्याचं काम आहे, म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

ताडोबात नवेगाव, जामणी ही गावं गाभा क्षेत्राबाहेर गेली आणि त्यांच्या शेतजमिनीवर कुरणं झाली. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड इथेही तसंच. जमीन नुसती सोडून दिली की चांगलं गवत येतं असं नाही. आधी येतो तरोटा, मग रानतुळस. दोन्हींना जनावर तोंड लावत नाही. ती फुलावर येण्याआधी उपटावी लागतात. एकदा बी पडलं की पुढची कैक वर्षं तेच काम. मग पवन्या, मारवेल, शेडा अशा गवतांचं बी गोळा करून टाकावं लागतं आणि त्याला दोन-तीन पावसाळे द्यावे लागतात.

तुमच्या रानात तरोट्याच्या जागी दुसरं काहीतरी असणारच. आडोसा करायला झाडं पाडाल, ऊन खाली येईल, आणि त्या उन्हावर सगळ्यात आधी कोण वाढेल? आधी ते शोधा.

आणखी एक. चितळ उघड्या कुरणावर कळपाने चरतं, सांबर मात्र झाडीची कड सोडत नाही. तुमचं हरीण सांबराच्या स्वभावाचं वाटतं. तसं असेल तर कुरण रुंद चौकोनी करू नका. लांबट, वाकडं, कडा जास्त येतील असं करा.

---

डोंगरवाट

अगदी नेमकं. स्वभाव तसाच आहे, कडेकडेने चरणारं. आणि तुमच्या तरोट्याच्या जागी आमच्याकडे बकथॉर्न, हनिसकल आणि मल्टिफ्लोरा रोझ ही बाहेरून आलेली, माजणारी झुडपं आहेत. उत्तर उतारावर लसणाच्या वासाचं गार्लिक मस्टर्डही दिसलं.

---

उत्तरध्रुव (मिनेसोटा)

वनव्यवस्थापनात काम करतो, त्यामुळे या टप्प्यावर थांबवतो.

रानवाटांनी विचारलेला प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. बकथॉर्न असलेल्या रानात करवत घेऊन आधी छत उघडलंत तर पाच वर्षांत तुमच्याकडे बकथॉर्नची भिंत असेल. हरीण तीत बसेलही, पण ओक कायमचा जाईल. म्हणून पहिला हिवाळा फक्त झुडपं काढण्यात घालवा. बकथॉर्न शरद ऋतूत ओळखायला सोपं, सगळ्यांची पानं गळल्यावरही त्याची हिरवी राहतात. नुसतं कापलं तर एका खोडाचे दहा फुटवे येतात. कापल्यावर लगेच बुंध्याच्या ताज्या कापावर तणनाशक लावावंच लागतं.

दुसरं, झाडं अर्धी कापून आडवी पाडण्याबद्दल. छातीच्या उंचीवर खोड दोन-तृतीयांश कापायचं, झाड आडवं करायचं, साल एका बाजूने जोडलेली राहते म्हणून ते जिवंत राहतं, आडोसाही मिळतो आणि कोवळा पालाही खाली येतो. ऐकायला छान आहे. पण मी याच्या विरोधात आहे. अर्ध्या कापावर खोड उभं चिरतं आणि बुंधा मागे उसळून छातीवर येतो. या कामात माणसं मेली आहेत. शिवाय एकदा रान असं गुंतागुंतीचं केलं की पुढे वीस वर्षं त्यात कुणी लाकूडतोड्या पाऊल टाकायला तयार होत नाही, आणि तुम्हालाही ओकाची निगा राखता येत नाही. झाड पाडायचं तर जमिनीलगत पूर्ण पाडा. त्याच्या शेंड्यांचा ढीग तिथेच राहू द्या. उन्हाने तीन वर्षांत ब्लॅकबेरी आणि कोवळी झाडं उभी राहतात, तोच टिकाऊ आडोसा.

---

बाणाई (मिशिगन)

उत्तरध्रुव, धोक्याबद्दल शंभर टक्के सहमत. हेल्मेट, पायांना चॅप्स आणि सोबत माणूस नसेल तर करवत सुरूच करू नये. पण सरसकट विरोध मला मान्य नाही. मनगट ते पोटरीएवढी जाड आयर्नवुड आणि बॉक्स एल्डरची झाडं चिरत नाहीत, वाकतात. अशी आठ-दहा झाडं एकाच दिशेने पाडून अर्ध्या एकराचा एखादा कोपरा केला तर पहिल्याच हिवाळ्यात हरीण बसतं, तीन वर्षं थांबावं लागत नाही. मात्र पाडलेल्या झाडांच्या मधून वाट ठेवावी लागते. हरणाला आत शिरायला एक आणि पळायला दोन वाटा नसतील तर ते आत बसत नाही.

अ‍ॅशला मात्र हात लावू नका दादा. एमराल्ड अ‍ॅश बोरर या खोड पोखरणाऱ्या किड्याने मारलेलं अ‍ॅश कापताना कुठून मोडेल याचा भरवसा नसतो.

---

उत्तरध्रुव (मिनेसोटा)

आयर्नवुडपुरतं मान्य. ओकावर हा प्रयोग करू नका, एवढं डोंगरवाटांनी लिहून ठेवावं. आणि ओकाला करवत लावायची असेल तर हिवाळ्यातच. एप्रिल ते जुलै या काळात ताज्या जखमेतून ओक विल्टची बुरशी शिरते आणि मुळांमधून शेजारच्या ओकांत पसरते. एका चुकीच्या महिन्यात कापलेली फांदी पूर्ण उतार मारू शकते.

ओक निवडताना पानांच्या गोल कडा असलेले पांढरे ओक ओळखून त्यांना मोकळं करा, म्हणजे त्यांच्या शेंड्याला खेटून असलेली मेपल काढा. पांढऱ्या ओकाची फळं त्याच वर्षी पिकतात, लाल ओकाला दोन वर्षं लागतात. पांढऱ्याचं फळ कमी तुरट, हरीण तेच आधी वेचतं. मोकळ्या शेंड्याचा एक जुना ओक चांगल्या वर्षी जो चारा खाली टाकतो तो कुठल्याही सलगमाला भारी.

तुमच्या राज्यात मॅनेज्ड फॉरेस्ट लॉ आहे, त्याचा विचार केलात का? किमान वीस एकर हवेत, त्यातले ऐंशी टक्के उत्पादक जंगल, 25 किंवा 50 वर्षांचा करार. मालमत्ता कर बराच कमी होतो. बदल्यात मान्य आराखड्याप्रमाणे तोड करावी लागते. आधी वनाधिकाऱ्याला रान दाखवा, मग करवत उचला. करारातून मध्येच बाहेर पडलं तर दंड असतो, तोही समजून घ्या.

---

डोंगरवाट

गवताचं शेत तीन एकर म्हणजे साडेसात टक्के, त्यामुळे ऐंशीच्या अटीत बसतो. काउंटीच्या वनाधिकाऱ्याला भेटतो.

---

लेकफ्रंट_नागपूरकर (मिलवॉकी)

वाचून मलाही उत्साह आला. मूलभूत प्रश्न: मी एच-वन-बी व्हिसावर आहे. मला बंदूक घेता येते का? आणि परवान्यासाठी काय लागतं?

---

डोंगरवाट

नागपूरकर, काळजीपूर्वक वाचा. स्थलांतरित नसलेल्या व्हिसावरच्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने बंदूक जवळ बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. त्याला एक अपवाद म्हणजे कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना असणं. म्हणजे आधी परवाना, मग बंदुकीला हात, मित्राची असली तरीही. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही. व्हिसाचा मामला आहे, वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका.

1 जानेवारी 1973 नंतर जन्मलेल्यांना, त्या तारखेसकट, विस्कॉन्सिनात हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम करावा लागतो. तो करायला आनंदच वाटेल, बंदुकीचं तोंड कुठे असावं इथपासून शिकवतात. बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, धनुष्यबाणाचा सप्टेंबरच्या मध्यापासूनच.

---

कुळवाडी_आयोवा

मूळ विषयाकडे येऊ. चाऱ्याचं गणित अजून राहिलं आहे. पूर्वेला किती जागा ठेवता?

---

डोंगरवाट

आत्तापर्यंतच्या चर्चेतून ठरलं ते असं.

धारेवरच्या तीन एकरांपैकी पश्चिमेचे दोन स्विचग्रासला. ते इथलंच गवत, पाच-सहा फूट वाढतं आणि बर्फाखालीही आडवं पडत नाही. उताराच्या वरच्या हिश्श्यातली बसायची जागा आणि हे उंच गवत एकमेकांना लागून येतील. या शरद ऋतूत जुनं गवत तणनाशकाने मारायचं, आणि हिवाळ्याच्या शेवटी मोकळ्या जमिनीवर बी टाकायचं. रात्री गोठून दिवसा वितळणारी जमीन फुगते, भेगाळते आणि बी आपोआप आत घेते. पहिल्या वर्षी तणच जास्त दिसेल, तिसऱ्या वर्षी ते खरं उभं राहील.

पूर्वेचा एक एकर चाऱ्याला. रानवाटांचं ऐकून तो लांबट आणि मध्ये वाकलेला ठेवतो, म्हणजे एका मचाणावरून पूर्ण दिसणार नाही आणि हरीणही उघड्यावर आल्यासारखं बिचकणार नाही. चुना आत्ता पडेल, त्यामुळे या ऑगस्टच्या अखेरीस त्यात फक्त राय (गव्हासारखं धान्य, आपली मोहरी-राई नव्हे) पेरतो. तिला आम्ल जमिनीची फिकीर नसते आणि ती बर्फ वितळताच हिरवी होते. मार्चमध्ये त्याच उभ्या रायमध्ये पांढरं क्लोव्हर विस्कटायचं. जूनमध्ये राय कापली की खाली क्लोव्हर तयार.

सलगम यात नकोच असं माझं मत झालं आहे.

---

कुळवाडी_आयोवा

रायचं पटलं, एकरी पन्नास-साठ पौंडांच्या वर जाऊ नका, नाहीतर क्लोव्हर दबेल. बियाण्याच्या दुकानात धान्याची राय मागा, रायग्रास नव्हे. रायग्रास एकदा शेतात शिरलं की निघत नाही.

सलगमाबद्दल मात्र थोडं वेगळं मत. क्लोव्हर डिसेंबरात बर्फाखाली झोपतं, तेव्हा हरणाला सलगमाचा पाला आणि नंतर कंद मिळतो. कडक थंडी पडल्यावर त्याला गोडी येते. एकराच्या एका टोकाला पाव एकर ठेवायला काय हरकत? ऑगस्टच्या सुरुवातीला पेरणी, आणि एकाच जागी दोन वर्षांच्या वर नको, रोग साठतो.

पेरणी झाली की शेतात तारेच्या जाळीचा एक पिंजरा ठोका, तीन-चार फूट व्यासाचा. आतलं पीक आणि बाहेरचं पीक यातला फरक बघितला की हरणं किती खातात ते समजतं. आत फूटभर आणि बाहेर बोटभर असेल तर चारा वाढवायची गरज नाही, माद्या कमी करायची गरज आहे. नवखे लोक याचा अर्थ नेमका उलटा लावतात.

---

बाणाई (मिशिगन)

पिंजऱ्याला माझा दुजोरा. दादा, घळीतून वर आल्यावर चाऱ्याच्या शेताची कड लागते तिथे तुम्ही उघडे पडाल. त्या कडेला आठ-दहा फूट रुंदीचा इजिप्शियन व्हीटचा पट्टा पेरा. ही ज्वारीच्या कुळातली, दहा फुटांच्या आसपास जाते. मे अखेर जमीन तापल्यावर पेरायची, आणि दाट नको, नाहीतर ताटं बारीक राहून वाऱ्याने लोळतात. पट्ट्यामागून मचाणापर्यंत जा आणि अंधारात त्याच्याच मागून परत या.

---

लेकफ्रंट_नागपूरकर (मिलवॉकी)

अजून एक विचारतो. चारा पेरायला वर्ष जाणार असेल तर तोवर दुकानातून मक्याची पोती आणून टाकली तर? आणि त्या भागात हरणांना मेंदूचा रोग आहे म्हणतात, मांस खायचं कसं?

---

डोंगरवाट

पोत्यातला मका अजिबात नाही. तो रोग म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, 2002 मध्ये मॅडिसनच्या पश्चिमेला पहिल्यांदा सापडला. रोगाची प्रथिनं लाळेतून, लघवीतून पसरतात, मातीत वर्षानुवर्षं राहतात आणि शिजवून मरत नाहीत. एका ढिगावर दहा हरणांनी तोंड घालणं म्हणजे रोगाला आमंत्रण. म्हणूनच रिचलंडसह अनेक काउंट्यांत आमिष आणि खाद्य टाकायला बंदी आहे. जमिनीत रीतसर पेरलेलं पीक चालतं, ओतलेलं धान्य चालत नाही. शिवाय कडक हिवाळ्यात फांद्या चघळण्याची सवय झालेल्या पोटात एकदम मका गेला तर हरीण आम्लतेने मरतं, मका पोटात भरलेला असताना. चाऱ्याचं शेत लांबट ठेवण्यामागे हेही एक कारण आहे, तोंडं एका जागी एकवटत नाहीत.

मांसाचं म्हणाल तर आमच्या घरचा नियम पक्का आहे: तपासणीचा निकाल येईपर्यंत एक तुकडाही शिजवायचा नाही. राज्यात तपासणी मोफत आहे. शिकारीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी करायची. मग मुंडी, साधारण पाच इंच मानेसकट, तपासणीचे नमुने जमा करायच्या किऑस्कवर नेऊन ठेवायची, शिंगं काढून घेता येतात. तिथे पिशव्या आणि फॉर्म असतात. आपल्याकडची चिठ्ठी आणि डीप फ्रीझरमधल्या मांसाच्या पाकिटांवरचा नंबर एकच ठेवायचा. दोन हरणांचं मांस कधी एकत्र करायचं नाही, खिम्यासाठीसुद्धा. निकाल बाधित आला तर ते सगळं मांस टाकायचं. बाधित हरणाचं मांस खाऊ नये असा अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचा (सीडीसी) सल्ला आहे. हाडं, मणका जंगलात फेकायचा नाही, ठरवून दिलेल्या कचरापेटीत न्यायचा.

कुळवाडी, पाव एकर सलगम मान्य, पण दुसऱ्या वर्षापासून, चुना मुरल्यावर. बाणाई, इजिप्शियन व्हीटचं बी मागवतो. उत्तरध्रुव, वनाधिकाऱ्याची भेट झाली की आराखडा इथे टाकतो. बकथॉर्न काढायला नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून शनिवार-रविवार जाणार आहोत, बंदुकीच्या हंगामाचे नऊ दिवस सोडून. मॅडिसन-मिलवॉकीकडच्या कुणाला यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. हातमोजे आणि जाड बूट आणा, कापणीची हत्यारं आमच्याकडे आहेत.